पहिल्या हाकेला ओ देणारा

खैरशेतला होळीच्या माळावर आता संगमरवरी पाटी बसवली आहे. गाव आणि कातकरवाडी यांच्यातला सलोखा कुणी घडवून आणला, ते तिच्यावर सोनेरी अक्षरांत कोरलंय. नाव दळवीसाहेबांचं आहे. माझं नाही. माझं नसल्याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. महिनाभर फोनवर घसा फोडला तो मी. जमीन सोडवून घेतली ती मी. पण त्या पाटीवर चांगूचंही नाव नाही, आणि त्याला कुणी त्या पाटीजवळ नेलंच तर तो तिच्यावर टिचकी मारेल, आवाज ऐकेल आणि पुढे जाईल.

टिचक्या मारायची त्याला सवयच होती. कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर वाजवायचे, खणखणीत आवाज आला तर पक्का, थप्प झाला तर कच्चा, हे आमच्या धंद्यात सगळेच करतात. चांगू चहाचा पेला वाजवायचा, पत्र्याची भिंत वाजवायचा, माझ्या पिकअपचा दरवाजा वाजवायचा. कुणी बोलत असलं की त्याचं बोट हातातल्या वस्तूवर हलकेच वाजत राहायचं. आपण बोलतोय ते वाजवून बघतोय हा, असं वाटून माझं डोकं फिरायचं.

चांगू हिलम आमच्या गावचा कातकरी. कातकऱ्यांनी रानात कोळशाच्या भट्ट्या लावायच्या आणि माझ्या बापाने तो कोळसा डोक्यावरून तालुक्याच्या बाजारात न्यायचा, असा आमचा व्यवहार होता. त्यामुळे गाव आम्हाला कोळसेवाले म्हणायचं आणि पंगतीत कडेला बसवायचं. वाडी गेली तसा बापाचा धंदा गेला. मी आखातात आलो, दुसऱ्याच्या गोणी उचलल्या आणि आता शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये माझी स्वतःची शेड आहे. आफ्रिकेतून कंटेनर येतात, आम्ही माल चाळून लहान पिशव्यांत भरतो. इथल्या हॉटेलांत मांस भाजतात, हुक्के पेटतात, ते माझ्या कोळशावर.

चार वर्षांपूर्वी गावी गेलो असताना चांगू खाडीपलीकडे एका वीटभट्टीवर दिसला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. आमच्याकडे कातकऱ्याला म्हातारा झाला तरी अरेतुरेच करतात, दहा वर्षांचं पोरगंसुद्धा. मीही तसंच विचारलं, "चांग्या, येतोस का दुबईला? कोळशाचंच काम आहे."

"कुठल्या झाडाचा कोळसा?" त्याने विचारलं.

पगार विचारला नाही. राहायचं कुठं, खायचं काय, काही नाही. मला वाटलं, स्वस्तात सौदा पटला.

शेडच्या दारात पहिल्या दिवशी तो थांबला तो आत येईना. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आत सावली, पंखे, आणि छपरापर्यंत रचलेल्या गोणी.

"यल्ला, चल आत," मी ओरडलो.

"तिथं रान व्हतं ना शेठ? हा जिथून आला तिथं?"

"असणारच."

"मग त्या रानातली मानसं कुठं गेली?"

"कागदावर टन लिहिलेले असतात रे. माणसं नसतात."

त्याने दारातूनच हात जोडले, मानेनेच कुणाला तरी विचारल्यासारखं केलं, जरा थांबला आणि मग आत आला. नंतर प्रत्येक नव्या कंटेनरला तो हेच करायचा. माझी दोन मिनिटं फुकट जायची. मी शिव्या द्यायचो. तो थांबायचाच.

अंगाने बारका, सुकलेला. धुराने डोळे कायमचे किलकिले झालेले. आणि चालताना पाय वाजायचा नाही. सेफ्टी शूज मी स्वतः आणून दिले होते, पुढे लोखंडी टोपी असलेले. ते घालून बाकीचे घोड्यासारखे टापा वाजवायचे. चांगू त्याच बुटांनी सिमेंटवरून यायचा आणि पाठीमागे उभा राहिला तरी कळायचं नाही. फोरमन गुलखान पठाण गडी, सहा फुटांचा, तोही दोन-तीनदा दचकून ओरडला.

याच गुलखानने पंधरा दिवसांनी माझ्याकडे तक्रार आणली. कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत तो, चांगू आणि आणखी चौघे राहत.

"शेठ, इस आदमी को दूसरे कमरे में डालो."

"क्यों? चोरी करता है?"

"चोरी नहीं करता. जवाब देता है."

"किसको?"

"वही तो पता नहीं, शेठ."

ते मीही पाहिलं होतं. काम करता करता, जेवता जेवता चांगू एकदम मान वळवायचा आणि म्हणायचा, "हां, आलो." कुणी हाक मारलेली नसायची. तो उठायचाही नाही. एवढं म्हणून पुन्हा भातात हात घालायचा. मला वाटलं, वय झालं, कान वाजत असतील. मी त्याला शेडमागच्या केबिनमध्ये हलवलं.

आठवडा गेला नसेल, गुलखान पुन्हा हजर.

"शेठ, उसको वापस भेज दो."

"अब क्या हुआ?"

"पहले आवाज़ आती थी, वो जवाब देता था, बात खत्म. अब आवाज़ आती है और जवाब देनेवाला कोई नहीं. लड़के सोते नहीं हैं."

"कैसी आवाज़?"

"औरत की. दूर से." गुलखानने माझ्याकडे बघायचं टाळलं. "नाम लेती है, मगर हमारा नहीं."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण गिऱ्हाईक स्वतःहून माल मागत असलं तर माल खरा की खोटा यात मी पडत नाही. चांगूला परत खोलीत पाठवलं. पोरं झोपू लागली. त्याच्या खाटेवरच्या फळीवर एक शेंडीचा नारळ असायचा, कुंकू लावलेला. कातकरी घरातल्या मेलेल्या माणसाला नारळात पूजतात, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं, "हे कोण रे?"

"आई," तो म्हणाला. जशी ती फळीवर बसलेलीच आहे.

भर जुलैत एकदा मी शेडमध्ये आलो तर हा काम सोडून एका थप्पीला टेकून बसलेला. तळहात गोणीवर, झोपलेल्या गुराच्या पोटावर ठेवावा तसा.

"काय आराम चाललाय?"

"ही जागी हाय, शेठ."

"कोण?"

"आतली गोन."

दुसऱ्या दिवशी फायरवाल्यांची तपासणी होती. थप्पी नीट रचायला पोरांना सकाळ लागली होती. मी हातातली फाइल फेकली, आईबापावरून बोललो. चांगूने ऐकून घेतलं आणि एकटाच गोणी उतरवायला लागला. मधोमध एक गोण निघाली. धूर नाही, वास नाही. त्याने शिवण उसवली आणि आत फुंकर घातली. काळ्या कोळशात डोळा उघडावा तसं लाल काहीतरी उघडलं आणि माझ्याकडे बघू लागलं.

ताजा कोळसा आतल्या आत पेटतो, हे माझ्या बापानेही मला शिकवलं होतं. त्यात नवल काही नव्हतं. पण गोणीवर पाणी ओतताना चांगू हळूच जे बोलत होता, ते मला कधीच नीट पचलं नाही. तो म्हणत होता, "झोप आता. सांगून झालं ना? मग झोप."

त्या दिवशी सूर्य बुडताना आम्ही दोघंच शेडच्या दारात बसलो होतो. दिवसभर तापलेला कोळसा त्या वेळी थंड होऊ लागतो आणि गोणींतून बारीक किणकिण येते, जशी बांगड्या घातलेली पुष्कळ माणसं आत कूस बदलत असावीत. मी वैतागून विचारलं, "कुणाला ओ देत असतोस रे सारखा?"

"आईला."

"ती तर गेली."

"म्हनूनच." पेल्यावर त्याचं बोट वाजत होतं. "तिन्हीसांजेला हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाय. दुसरीला पन नाय. भुतं दोनदाच हाक मारतात. तिसरी आली तर मानूस समजायचं. हे आईनंच शिकवलेलं. त्या दिवशी मी खाडीत व्हतो, कुर्ल्या धरत. हाक आली. आईचा आवाज. मी गप. दुसरी आली. मी गप. तिसरीची वाट बघत चिखलात उभा राहिलो."

"मग?"

"मग वाडीवर उजेड दिसला."

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. ते खैरशेतच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

आमच्या शिमग्याला एक रीत होती. होळी पेटवायचा निखारा वाडीवरून यायचा. कातकऱ्यांच्या भट्टीतला निखारा मडक्यात घालून त्यांचा कारभारी आणायचा, त्याने होळी पेटायची, आणि त्या होळीतला विस्तव प्रत्येक घर आपल्या चुलीसाठी न्यायचं. गाव त्यांना अंगणाच्या वर येऊ देत नव्हतं, पण वर्षभर शिजत होतं ते त्यांच्या विस्तवावर. मग एका शिमग्यात देवळातला चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. आळ वाडीवर आला. चार दिवसांनी तिन्हीसांजेला वाडी पेटली. माणसं पळाली. चांगूची आई तापाने झोपून होती, ती राहिली. चुलीची ठिणगी उडाली, असं कागदावर लागलं. मुखवटा पुढे दुसरीकडेच सापडला, कुठे ते गाव सांगत नाही. कातकरी खाडीपलीकडे गेले.

पुढच्या शिमग्याला गावाने काडेपेटीने होळी पेटवली. मी बापाचा हात धरून उभा होतो. होळी पेटली, ज्वाळा माडाएवढ्या वर गेल्या. पण आवाज आला नाही. लाकूड जळताना तडतडतं, फुटतं, सुसकारतं. इथं काहीच नाही. एवढी मोठी आग आणि चित्रातल्यासारखी मुकी. बोंबा मारणारी माणसं एकेक करून गप्प झाली. मग कुणीतरी ढोलवाल्यांवर ओरडलं, "वाजवा रे!" तेव्हापासून खैरशेतला होळी विझेपर्यंत ढोल थांबू देत नाहीत. बाहेरच्या लोकांना वाटतं, केवढा उत्साह!

गेल्या वर्षी गावातल्या तरुण पोरांनी ठरवलं की हे बस झालं, वाडीला परत बोलवायचं. ग्रामसभेत विषय निघाला. वाडीचा कारभारीपणा हिलमांच्या घरात, आणि त्या घरातला वडील माणूस माझ्या शेडमध्ये. म्हणून गावाने अमिरातीतल्या आमच्या गावकरी मंडळाला कळवलं. मंडळाचे अध्यक्ष दळवीसाहेब अबुधाबीला मोठ्या पगारावर, मोहम्मद बिन झायद सिटीत व्हिला. मला इतक्या वर्षांत त्यांचा कधी फोन नाही. आता आला.

"बबनराव, तो चांग्या तुमच्याकडेच ना? जरा कन्व्हिन्स करा त्याला. निखारा देऊ दे. आपण त्याचा सत्कार करू, शाल, श्रीफळ."

"नारळ आहे त्याच्याकडे," मी म्हटलं. "दुसरं काय देता ते बोला."

मग सुरू झाली माझी घासाघीस. आयुष्यात मी कोळशाचे एवढे सौदे केले, पण असा नाही. वाडीची जुनी जागा, खाडीवर जायची वाट, त्यांच्या मसणवटीचा माळ, पाण्याचा नळ, सगळं वाडीतल्या माणसांच्या नावावर. दळवी म्हणायचे, "टप्प्याटप्प्याने बघू." मी म्हणायचो, "टप्पा तुमच्या व्हिलाच्या हप्त्याला ठेवा." दोनदा फोन आपटला, एकदा ऑनलाइन मिटिंगमध्ये गावच्या सरपंचाला रडवलं. शेवटी ग्रामसभेने एकमताने मंजूर केलं, तलाठ्याकडे कागद गेले. मी छाती काढून शेडमध्ये आलो आणि चांगूला सगळं सांगितलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "वाडीच्या पोरांना लागंल."

"मग निखारा देतोस?"

"नाय."

"नाय म्हणजे?" माझा आवाज चढला. "अरे, मी त्यांचं रक्त काढलंय महिनाभर!"

"तुमचं तुम्ही बोललात शेठ. माझं राहिलंय." तो गोण शिवत होता, सुई थांबली नाही. "आमचा इस्तू गावात घरोघर गेला. त्यातल्याच एका चुलीतून उलटून आमच्यावर आला. कुठल्या चुलीतून? ते कळल्याबिगर मी नवा कसा देऊ? परत तिथंच गेला तर?"

"माफीचा ठराव केलाय त्यांनी."

"वाचा."

मी मोबाइल काढून वाचला. ‘तत्कालीन परिस्थितीत अनवधानाने घडलेल्या दुर्दैवी प्रकाराबद्दल ग्रामस्थ खेद व्यक्त करतात.’

चांगूने पेल्यावर टिचकी मारली. "यात मानूस कुठं हाय?"

भाव सांगा, त्यावर मी भाव सांगतो. हा भावच सांगत नव्हता. एक चूल मागत होता.

रविवारी दुपारी दळवींच्या व्हिलात बैठक ठरली. गुलखानने पिकअप चालवली. चांगूने धुतलेला शर्ट घातला होता आणि नारळ कापडी पिशवीत मांडीवर घेतला होता. दिवाणखान्यात मंडळाची पंधरा-वीस माणसं, काचेचं टीपॉय, एसीचा गारठा. चांगू दाराजवळ फरशीवर बसला.

"अरे चांग्या, वर बस, वर. इथे सगळे समान," दळवी म्हणाले.

चांगू खुर्चीत बसला. दळवींनी भाषण केलं. इतिहास, सलोखा, नवी पिढी. शाल घातली. चांगूचं बोट टीपॉयच्या काचेवर वाजत होतं. भाषण संपलं तसा तो म्हणाला, "साहेब, इस्तू कुठल्या चुलीतला व्हता?"

कुणी खोकलं. कुणी चहाकडे पाहिलं. मंडळाचे खजिनदार म्हणाले, "हे बघ, जुनं उकरून काय फायदा? आपल्याला मूव्ह ऑन व्हायचंय."

"त्या वेळचे सगळे गेले रे," दळवी म्हणाले. "माझे वडील गेले, तेव्हाचे पाटील गेले. आता विचारणार कुणाला?"

मग मात्र मी उठलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच आठवतं की मी म्हणालो, "जमीन द्यायला तयार होता, आणि एक नाव घ्यायला तोंड उघडत नाही तुमचं? हा सौदा तरी धड करा!" दळवींची कॉलेजातली मुलगी जिन्यातून म्हणाली, "अंकल, प्लीज, आजी इज स्लीपिंग."

तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. आरामखुर्चीत शालीखाली दळवींची आई होती. थंडीपुरती मुलाकडे आलेली, नव्वदीला टेकलेली. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. चांगू माझ्याकडे वाकला आणि कुजबुजला, "शेठ, बाय जागी हाय."

मला त्या गोणीतला लाल डोळा आठवला. मी बसलो.

"आमच्या," म्हातारी म्हणाली. डोळे मिटलेलेच. "आमच्या आतल्या चुलीतला."

"आई?" दळवी उठले. "तिच्या गोळ्यांची वेळ झालीय. ती काहीही..."

"गप रे." आवाज कागदासारखा होता. "ह्यांनी मागितला. मी मडक्यात काढून दिला. वर राख घातली, वाऱ्याने विझू नये म्हणून. कशाला हवाय ते मला ठाऊक होतं. तरी दिला."

म्हातारीने शाल हनुवटीपर्यंत ओढली.

"दुसऱ्या दिवशी त्या चुलीत मी पाणी ओतलं. पडवीत नवी चूल घातली. आतली परत पेटवली नाही कधी."

"ती देवाची म्हणून बंद..." दळवींचं वाक्य तिथंच राहिलं.

"तसं मी सांगितलं तुम्हाला." म्हातारीने श्वास घेतला. "मी मागल्या दारी उभी होते. तुझी आई हाक मारत होती, रे."

चांगू उभा राहिला होता. तो कधी उठला ते कुणालाच कळलं नाही.

"कशी?" त्याने विचारलं. "कशी हाक मारत व्हती?"

म्हातारीने डोळे उघडले. आणि त्या मुठीएवढ्या देहातून हाक आली. खाडीच्या पाण्यावरून यावी तशी, लांबलेली.

"चांगूऽऽऽ..."

तो आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हता. तरुण बाईचा होता, तापाने फाटलेला. जिन्यातल्या मुलीने कानांवर हात ठेवले. माझ्या मागे दारात उभा असलेला गुलखान अगदी हळू म्हणाला, "शेठ, यही आवाज़ है."

"हां, आई," चांगू म्हणाला. "आलो."

मग तो खाली बसला आणि समोरचा गार झालेला चहा पिऊन टाकला. बोट वाजत नव्हतं. पेला ठेवल्यावर म्हणाला, "देतो इस्तू. पहिला बायच्या आतल्या चुलीत घालायचा. मग होळीत."

"मी येईन," म्हातारी म्हणाली. "माझ्या हाताने पेटवीन." आणि पुन्हा डोळे मिटले. या वेळी ती खरोखरच झोपली. तिच्या घोरण्याचा आवाज एसीच्या वर येत होता आणि पंधरा-वीस माणसं तो ऐकत बसली होती.

त्यानंतर शिमग्यापर्यंत चांगू माझ्याकडेच होता. पण तो कधी मान वळवून "हां, आलो" म्हणाला नाही. गुलखानला विचारलं तर म्हणाला, "अब कोई नहीं बुलाता, शेठ," आणि आवाजात चक्क वाईट वाटल्यासारखं होतं.

शिमग्याला मला जाता आलं नाही, कंटेनर अडकला होता. गावच्या पोरांनी व्हिडिओ कॉल लावला. मी शेडमध्ये गोणीवर बसून बघत होतो. म्हातारीने आतली चूल पेटवली ते नुसतं ऐकायला मिळालं, आत कुणालाच मोबाइल नेऊ दिला नव्हता. मग चांगू मडकं घेऊन माळावर आला. मागे वाडीची माणसं, बायका, पोरं, कधी अंगणाच्या वर न घेतलेली, आज सगळ्यांच्या पुढे. निखारा होळीत गेला, ढोल सुरूच. ज्वाळा चढल्या. चांगूने हात वर केला, तसे ढोल थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोनचा स्पीकर मी कानाला लावला.

तडतड आली. आधी बारीक, मग ओल्या बांबूची पेरं फुटावीत तशी. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी बोंब ठोकली.

गुलखान पाठीमागून म्हणाला, "लकड़ी बोल रही है."

वाडी परत जुन्या जागी उभी राहिली आहे. चांगूने व्हिसा रद्द करायला सांगितला, तो आता तिथेच असतो. पाटी लागली. तिचं मी सांगितलंच.

पण मला चांगू दिसतो तो होळीजवळचा नाही. मला तो शारजाच्या विमानतळावर दिसतो, गावी जायच्या दिवशी, भर दुपारी. मी पिकअप लावून आत आलो होतो. पुढे दळवी आईची चाकाची खुर्ची ढकलत होते. त्यांच्या मागे चांगू, नवा शर्ट, माझ्याच शेडचे सेफ्टी शूज, हातात नारळाची पिशवी. गुळगुळीत फरशीवर तो चालू लागला आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळायला क्षण लागला. त्याचे बूट वाजत होते. टक, टक, टक. कुठल्याही माणसाचे वाजावेत तसे.

त्याने माझा नीट निरोप घेतला नव्हता. जमिनीबद्दल एक शब्द नाही. मला राग आला, आणि रागातच मी हाक मारली. पण तोंडातून निघालं ते "चांगूदादा!"

आयुष्यात त्याला मी असं कधी हाकारलं नव्हतं. तो वळला नाही. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस, कुणी नसताना ओ देणारा, तो वळला नाही.

"चांगूदादा!"

बूट वाजत राहिले. काचेचा दरवाजा उघडला, म्हातारी आणि दळवी आत गेले. तो उंबऱ्यावर होता. तिसरी हाक माझ्या घशात आली होती. तिसरीला तो नक्की वळला असता, त्याला वळावंच लागलं असतं.

मी ती मारली नाही. दरवाजा मिटला, आणि काचेपलीकडे त्याच्या बुटांचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला.